गढूळ पाण्याला पिवळा, स्वच्छ पाण्याला हिरवा

शनिवार, २८ एप्रिल २००७

ही वही हॉस्पिटलच्या व्यायामवर्गातल्या नर्सने दिली. रोज किती चाललो आणि किती दम लागला, ते लिहायला. ऑक्टोबरात माझी बायपास झाली, तेव्हापासून सहा महिने इमानेइतबारे लिहिलं. 'वीस मिनिटं चाललो. दम नाही. बीपी ठीक.' परवा मागची पानं चाळली तर माझाच डोळा लागला. आजपासून या वहीत मासे लिहिणार.

तीस वर्षं मी मोटारीच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. डिसेंबरात लवकर रिटायरमेंट घेतली आणि जानेवारीत मालिनीचे मसाल्याचे डबे मुळाक्षरांप्रमाणे लावले. फेब्रुवारीत ती म्हणाली, "अहो, एक तर तुम्ही घराबाहेर पडा, नाहीतर मी पडते." म्हणून मी वॉल्टकडे गेलो. वॉल्ट आमच्यापासून चार घरं सोडून राहतो. माझ्याच प्लँटमध्ये असेंब्ली लाइनवर होता. त्याला मासेमारीशिवाय दुसरा विषय नाही, आणि मासा म्हणजे फक्त 'बास', इथल्या तळ्यांतला मोठ्या तोंडाचा मासा. मी त्याला सांगून पाहिलं की आमचं घर शाकाहारी आहे. तो म्हणाला, "वी थ्रो देम बॅक, प्रॅल." माझं नाव प्रल्हाद, पण तेवढं उच्चारायला त्याला वेळ नसतो.

खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती इथे लिहून ठेवतो. आमचा मुलगा मिहीर आणि सून आसावरी न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला मोठं घर घेतायत. तळमजल्यावर आमच्यासाठी स्वतंत्र खोली आणि बाथरूम. मिहीर फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं तिथे नोव्हायमध्ये एकटे. आय वरी. सप्टेंबरपर्यंत यस ऑर नो सांगा, कारण त्यावर कुठलं घर घ्यायचं ते ठरणार."

मला जायचं नाही. हे घर, हा रस्ता, इथली थंडी, सगळं माझं आहे. पण मालिनीचा जीव नेत्रात अडकलाय. नेत्रा चार वर्षांची, आमची एकुलती एक नात. माझ्या आजारपणात मालिनीने जे काढलंय त्यानंतर 'नाही जायचं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा उपाय एकच. सप्टेंबरपर्यंत तिला इथल्या तळ्याची इतकी गोडी लावायची की तिनेच नको म्हणावं. माझ्याजवळ चार महिने आहेत.

मंगळवार, १ मे

वॉल्टचा पहिला धडा. तळ्यावर गेल्यावर पेटी उघडायची नाही. आधी तीन प्रश्न विचारायचे: पाणी किती गढूळ आहे, किती गरम आहे आणि मासा कुठे लपलाय. उत्तरं मिळाली की पेटीत हात घालायचा.

त्याच्या पेटीत शंभर तरी नकली आमिषं आहेत. ल्युअर म्हणतात त्यांना. मालिनीच्या बांगड्यांच्या डब्यासारखी मांडून ठेवली आहेत. मी घरी येऊन लगेच तक्ता आखला. डावीकडे पाणी, वर आकाश, चौकटीत ल्युअर. वॉल्टने तक्ता पाहिला आणि म्हणाला, "द फिश हॅवन्ट सीन धिस."

मालिनी आज घरी नव्हती. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ती हल्ली लायब्ररीत जाते.

रविवार, १३ मे

आकाश: ढगाळ, वारा. पाणी: कालच्या पावसाने चहासारखं. पाण्याचं तापमान ५८ फॅरनहाइट.

मदर्स डे म्हणून मालिनीला केंट लेकवर नेलं. कल्पना माझीच होती, पण नवल म्हणजे ती लगेच तयार झाली. म्हणाली, "तुम्हाला पाण्यावर एकटं सोडणार थोडीच आहे मी." मला हे ऐकून बरं वाटलं. गोडी लागायला लागली म्हणायची.

गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही, त्यामुळे त्याला हादरा लागतो आणि भडक रंग लागतो. स्पिनरबेट लावलं. एका वाकवलेल्या तारेवर दोन चकचकीत पत्रे असतात, ओढलं की गरगर फिरतात. रंग पोपटी-पिवळा, रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटांचा असतो तो. तीन तास फेकलं. एक फांदी आणि एक मोजा मिळाला.

मालिनी धक्क्यावर घडीची खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर मोठी काळी पिशवी. त्यात काय असतं विचारलं तर म्हणाली, "तुमच्या गोळ्या, पाणी, केळी, फोन." दर पंधरा मिनिटांनी विचारायची, "ठीक?" मी सांगायचो, "अजून नाही लागला." मासेमारीत तिला इतका रस असेल असं वाटलं नव्हतं.

शनिवार, २६ मे

आकाश: निरभ्र. पाणी: स्वच्छ, तळ दिसतो. ६६.

आजपासून सीझन अधिकृतपणे सुरू. इतके दिवस मासा पकडला तर त्याच मिनिटाला सोडावा लागायचा. आम्ही आजही तसाच सोडतो, त्यामुळे फरक काहीच नाही, पण वॉल्ट नवी टोपी घालून आला होता.

स्वच्छ पाण्यात दोरी बारीक आणि ल्युअर अंगच्या रंगाचं, म्हणजे हिरवट-तपकिरी. भडक काही दिसलं की मासा पळतो. सहा इंची रबरी गांडूळ, गळाचं टोक त्याच्याच पोटात लपवलेलं, म्हणजे गवतात अडकत नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी दोरी बाजूला सरकली. मी ओढली. माझा पहिला बास, चौदा इंच, हिरव्या पाठीचा, तोंड माझ्या मुठीएवढं. मला गळ सोडवता येईना, तो वॉल्टनेच सोडवला.

मालिनी उठून जवळ आली. तिने बोटाने कल्ला उचलून पाहिला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ताजा आहे. काटे बाजूने असतील, मध्ये नसतील." मग तो सोडला. तो खाली जाईपर्यंत ती पाण्याकडे बघत होती. मालिनी मालवणची. लग्नाआधी तिला माशाशिवाय जेवण जात नसे. आमच्या घरात आली आणि सुटलं. तेहेतीस वर्षांत तिने कधी नावही काढलं नाही, तेव्हा तिला आवडत नसणार.

गुरुवार, १४ जून

मासे नाहीत. घरगुती नोंद.

मालिनीचे केस हल्ली मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ओले असतात आणि त्यांना ब्लीचसारखा वास येतो. एवढं नहायचं काय कारण? नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढलं असावं असं वाटून मी महापालिकेला फोन केला. तिथल्या बाईंनी पाणी तपासायची बाटली पाठवते म्हणून सांगितलं. मालिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "काही गरज नाही." आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. तिचे खांदे हलत होते. रडते की काय असं वाटून विचारलं, तर हसत होती. बायकांचं काही कळत नाही.

रविवार, १ जुलै

आकाश: भाजतंय. पाणी: मध्यम. ७९.

अनर्थ झाला. मी सगळी रबरी गांडुळं, काळी, जांभळी, हिरवी, लाल ठिपक्यांची, मिसळणाच्या डब्यासारख्या खणांच्या प्लास्टिकच्या पेटीत रंगवार लावून गॅरेजमध्ये ठेवली होती. गॅरेजच्या उष्णतेत गांडुळांनी पेटीच खाल्ली. तळ चिकट होऊन वितळला आणि सगळे रंग एकमेकांत उतरले. रबरी गांडुळं ज्या पिशवीत येतात त्याच पिशवीत ठेवायची, हे वॉल्टने आज सांगितलं. क्वालिटीच्या माणसाने पिशवीवरची सूचना वाचली नाही. हे बाहेर कळू नये.

वाचलेली वीसेक गांडुळं मालिनीने एका काचेच्या बरणीत भरून आणली. तळ्यावर झाकण काढलं तर लसणाचा भपका. बरणी लसणीच्या चटणीची. पुसली होती, धुतली नव्हती. आमच्याकडे रिकामी बरणी टाकून देणं हे पाप आहे, आणि धुणं हा पुढचा टप्पा आहे, तो नेहमी येतोच असं नाही. माझी चिडचिड झाली. आमिषाला माणसाचा वास लागू नये म्हणून मी हात राखेने धुतो, आणि हिने त्यांना फोडणीच देऊन आणली.

रागाने मी रॉड तिच्याच हातात दिला. म्हटलं, घे, तूच टाक. तिने टाकलं. दुपारच्या उन्हात मासा गवताच्या सावलीत सुस्त पडलेला असतो. त्या वेळी गांडूळ अगदी हळू, तळाला घासत आणायचं असतं. ती दोरी अशी ओढत होती, जणू तांदळातले खडे निवडतेय. दीड तासात तिला चार मासे लागले. मला शून्य.

रविवार, ८ जुलै

आकाश, पाणी: मागच्या रविवारसारखंच. म्हणूनच आजचा दिवस निवडला.

शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. वीस फेका चटणीच्या गांडुळांच्या, वीस नव्या पिशवीतल्या. चटणीवाली मालिनीने टाकली, साधी मी. तोच धक्का, तीच वेळ, तोच रंग. निकाल: चटणी पाच, साधी एक. मी वॉल्टला आकडे दाखवले आणि सांगितलं की आपल्या हाती मोठी गोष्ट लागली आहे.

वॉल्ट म्हणाला, लसणाच्या वासाची बाटली दुकानात कधीपासून मिळते. मग थोडा वेळ धक्क्यावरच्या मालिनीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "प्रॅल, हू वॉज होल्डिंग द रॉड?" मी पुन्हा सांगितलं की चटणीवाला मालिनीकडे होता. तो म्हणाला, "देअर यू गो." त्याला आकडेवारीचं वावडं आहे.

तरीही दिवस उत्तम. परतताना गाडीत मालिनी गुणगुणत होती.

रविवार, २२ जुलै

आकाश: काल वादळ, आज निळंशार, थंड. पाणी: स्वच्छ. ७१ वर उतरलं.

वादळानंतरचं असं लख्ख निळं आकाश बघायला सुंदर आणि मासेमारीला वाईट. बास तोंड मिटून खोल जाऊन बसतो. अशा वेळी सगळ्यात लहान ल्युअर, सगळ्यात बारीक दोरी, आणि माशाच्या नाकासमोर ते नुसतं धरून बसायचं. आम्ही बसलो. काही लागलं नाही.

संध्याकाळी मिहीरचा फोन आला. दोन घरं निवडली आहेत, एकात आमची खोली आहे, एकात नाही. मग नेत्रा फोनवर आली आणि म्हणाली, "आजी, आर यू कमिंग टु लिव्ह विथ अस?" मालिनीचे डोळे भरून आले. "बघू हं राजा," म्हणाली. फोन ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "काही नाही, तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, "मी काय म्हणणार, तुझं काय?" ती म्हणाली, "माझं काय, तुमचं काय ते." मग आम्ही आमटी-भात खाल्ला.

तिला जायचंय, हे आता अगदी स्पष्ट आहे. तक्त्यात मालिनीसाठी वेगळा रकाना नाही, पण असता तर आज त्यात 'गढूळ' लिहिलं असतं.

शनिवार, ११ ऑगस्ट

आकाश: फटफटलेलं, धुकं. पाणी: आरशासारखं. ७६.

आज पहिल्यांदा बोटीतून. वॉल्टची अ‍ॅल्युमिनियमची छोटी बोट आहे, ती उन्हाळाभर मला खुणावत होती, पण मालिनीचा सक्त नकार होता. ना तुम्हाला पोहता येतं ना मला, म्हणायची. गुरुवारी ती आपणहून म्हणाली, "शनिवारी बोटीत बसू या. चालेल आता." आता म्हणजे काय, ते काही सांगितलं नाही. लाइफ जॅकेटं मात्र तिने स्वतः तीनदा तपासली.

वारा नाही, सूर्य वर आलेला नाही, अशा वेळी पाण्यावर तरंगणारं ल्युअर. थोडं ओढलं की ते गुळण्या केल्यासारखा आवाज करतं. टाकायचं, लाटा विरेपर्यंत थांबायचं, मग एक झटका. माझा धीर लाटा विरेपर्यंत टिकत नाही. मालिनीचा टिकतो. कमळांच्या पानांच्या कडेला पाणी फुटलं आणि असा आवाज झाला, जणू कोणी तळ्यात पाटा टाकला. अठरा इंच. तिचा.

तिने मासा दोन्ही हातांत धरला, त्याला काहीतरी म्हणाली आणि सोडला. वॉल्टने टोपी काढली. सूर्य वर आला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुष्कळ वर्षांत पाहिलं नव्हतं. मला फार सुख वाटलं. हे सोडून कोण न्यू जर्सीला जाईल?

शनिवार, १ सप्टेंबर

आकाश: अर्धवट ढग. पाणी: किंचित गढूळ. ७२.

हे शांतपणे लिहितो. मी आज तळ्यात पडलो.

बोटीतून खडकांच्या उतारावर क्रँकबेट टाकत होतो. तोंडाशी चमचा असलेला नकली मासा, ओढला की डुबकी मारतो, खडकाला आपटतो आणि त्या आपटण्यानेच बास चवताळतो. तसा चवताळला. मालिनीने रॉड वाकलेला पाहिला, वॉल्ट जाळं शोधत होता, आणि मी घाईने वाकलो तो सरळ पाण्यात.

पाणी छातीपर्यंत होतं. मी उभा राहिलो. अंगात लाइफ जॅकेट, हातात रॉड, रॉडवर मासा. धोका काहीच नव्हता. पण मालिनीला कुठलं ते कळायला. मी तोंडावरचं पाणी पुसतोय तोवर ती बोटीवरून उडी मारून आलीसुद्धा. माझी बायको, वय अठ्ठावन्न, सलवार-कमीज, लांब हात टाकत पोहत आली. हात, श्वास, हात, श्वास. पुस्तकातल्यासारखं. माझ्यापर्यंत पोचून तिने माझी कॉलर धरली आणि मला ओढायला लागली. मी म्हटलं, "मालिनी, पाय टेकतात." तिने ओढणं थांबवलं नाही.

वॉल्ट बोटीतून म्हणाला, "शी इज गुड."

काठावर तिने मला टॉवेलात गुंडाळलं, जिभेखाली ठेवायची गोळी हातात धरून माझी नाडी बघितली आणि मग गवतावर बसून रडली. एप्रिलपासून मंगळवारी आणि गुरुवारी ती पोहायला शिकत होती. लायब्ररी नाही, तिच्याशेजारचा पोहण्याचा तलाव. महापालिकेला उगाच त्रास दिला मी.

रविवार, २ सप्टेंबर

रात्रभर विचार केला. आपण किती आंधळे. ती मासेमारीच्या गोडीने येतच नव्हती. ती मला राखायला येत होती. ती काळी पिशवी, ते दर पंधरा मिनिटांचं 'ठीक?' हे सगळं माझ्याबद्दल होतं. चार महिने मी तिला गळाला लावतोय असं समजत होतो, आणि ती बिचारी भीतीने माझ्यामागे फिरत होती. हिला अजून किती भ्यायला लावायचं? तिकडे मिहीर आहे, आसावरी आहे, नेत्रा आहे. तिचा भार हलका होईल.

दुपारी मालिनी दुकानात गेलेली असताना मिहीरला फोन केला आणि सांगितलं, "आम्ही येतोय. खोलीवालं घर घे." तो म्हणाला, "बाबा, रिअली? आई ओके आहे?" मी म्हटलं, आईसाठीच. फोन ठेवून घरातल्या सगळ्या खोल्यांतून एकदा फिरलो. पण मनाला समाधान वाटलं. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासाठी काही सोडलं.

माझी पेटी वॉल्टकडे देऊन आलो. त्याने पेटी ठेवून घेतली.

मंगळवार, ४ सप्टेंबर

मालिनी बोलत नाही. काल आसावरीचा फोन आला, "आई, आय अ‍ॅम सो हॅपी," म्हणून. मी मालिनीला अजून सांगितलंच नव्हतं. आश्चर्याचा धक्का द्यायचं मनात होतं. फोन ठेवून ती वर गेली. आनंदाने भारावली असेल म्हणून मी तासभर जाऊ दिला. नंतर गेलो तर दार बंद.

आज जेवायला वाढलं, पण माझ्याकडे न बघता. आकाश निरभ्र आहे. पाण्याची नोंद करायला कुठे गेलोच नाही.

गुरुवार, ६ सप्टेंबर

आज ती बोलली. जमेल तसं उतरवून ठेवतो.

सकाळी पोहून आली, केस पुसत माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मला विचारलंत?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच तर केलं.

"ते कळलं. मला विचारलंत का?"

मी समोरची वही मिटली. ती म्हणाली, "पुण्याहून इथे यायचं ठरवलंत, माझ्या चांगल्यासाठी. हे घर घेतलंत, माझ्या चांगल्यासाठी. मासे सोडले मी, तुम्हाला वाटलं मला आवडतच नाहीत. त्या बासला काय हवंय हे कळावं म्हणून तुम्ही अख्खी वही भरलीत. ऊन बघता, वारा बघता, पाण्यात थर्मामीटर घालता. मला एकदा तोंडाने विचारायचं, एवढंच होतं."

मी म्हटलं, जुलैत विचारलं होतं. ती म्हणाली, "जुलैत आपण एकमेकांना पुढे ढकललं."

क्वालिटीत मी नव्या पोरांना तीस वर्षं सांगत होतो की मशिनचं माप घेण्याआधी ते चालवणाऱ्या माणसाला विचारा, त्याला ठाऊक असतं. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. मी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले आणि विचारलं, "मालिनी, तुला काय हवंय?"

तिने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. मी दोरी ओढली नाही.

"मला जायचं नाही," ती म्हणाली. "हे माझं घर आहे. पोहायला जाते तिथे माझ्या मैत्रिणी झाल्यात. आणि तुमच्यावर नजर ठेवायला येत होते हे खरं, पण तो अठरा इंची लागला ना, तेव्हापासून मी माझ्यासाठी येतेय. मला वॉल्टपेक्षा चांगलं येतं."

"मग काहीच नकोय?"

"हवंय." तिचा आवाज फाटला. "मला झोप हवी आहे. ऑक्टोबरपासून एक रात्र मी सलग झोपले नाहीये. तुम्ही घोरत असता तोवर पडून राहते. घोरणं थांबलं की उठून बसते आणि छाती वरखाली होतेय का बघते. रोज. कोणाला सांगू? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तक्ता केला असता. मला एक महिना नेत्राकडे जाऊन झोपायचंय. एकटीला. तुम्ही नको."

मी उठून तिच्याजवळ बसलो. तिच्या डोळ्यांखाली काळं आहे. अकरा महिने ते माझ्यासमोर होतं आणि मी त्याला वय समजत होतो.

शनिवार, ८ सप्टेंबर

मिहीरला फोन केला. या वेळी मालिनी शेजारी, स्पीकरवर. ती बोलली, मी ऐकलं. मिहीर म्हणाला, "आई, पण बाबा अलोन? वन होल मंथ? व्हॉट इफ समथिंग हॅपन्स?"

मी म्हटलं, मी राहीन. वॉल्ट सकाळ-संध्याकाळ फोन करेल, गोळ्या मी घेईन, बोटीत एकटा बसणार नाही. आणि काही झालंच तर ते आईने जागं राहून थांबणार नाहीये. हे शेवटचं वाक्य मी मिहीरला म्हटलं, पण ऐकवायचं मालिनीला होतं. तिने माझा हात धरला. घर ते बिनखोलीचं घेतील. मिहीरला वाईट वाटलं, पण त्याच्या आवाजात थोडी सुटकाही होती, आणि मला ती समजते.

मी घाबरलेलो आहे. ते तिला सांगितलं. आमच्यात आता हे असं सुरू झालंय.

शनिवार, १३ ऑक्टोबर

आकाश: स्वच्छ, पानं लाल. पाणी: ५९ आणि उतरतंय.

सकाळी मालिनीला विमानतळावर सोडलं. गेटपर्यंत जाता येत नाही. सिक्युरिटीच्या दोरीपाशी उभे राहिलो. ती म्हणाली, "मी फोन करणार नाही हं रोज." मी म्हटलं, नकोच करूस. दोरीच्या वळणावर तिने मागे बघितलं, मी 'ठीक' अशी मान हलवली आणि ती आत गेली.

दुपारी दोनला आसावरीने ती पोचल्याचं कळवलं. घरी बसवेना म्हणून वॉल्टबरोबर धक्क्यावर गेलो. ऑक्टोबरात बास थंडीपूर्वीचं पोट भरायला छोट्या माशांच्या थव्यांमागे उथळात येतो. चंदेरी ल्युअर, वेगात ओढायचं. दोन लागले. सांगायला शेजारी खुर्चीवर कोणी नव्हतं.

रविवार, १४ ऑक्टोबर

पाणी बघितलं नाही.

रात्र नीट गेली. गोळ्या घेतल्या. सकाळी आठला वॉल्टचा फोन, "यू अलाइव्ह?" "हो." "गुड." त्याने ठेवला.

फोन करायचा नाही असं ठरलं होतं. नऊ वाजेपर्यंत धीर धरला, मग दहापर्यंत, मग अकरापर्यंत. अकराला केला. आसावरीने घेतला आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागली. म्हटलं, काय झालं?

"काही नाही बाबा. आई काल जेवून सातलाच झोपल्या. अजून उठल्या नाहीत. नेत्रा तीनदा डोकावून आली. आर यू ओके? उठवू का त्यांना?"

मी हिशोब केला. सोळा तास.

"नको," म्हटलं. "अजिबात उठवू नकोस. आणि नेत्राला सांग, आवाज करू नको."